आरंभाची इच्छा आणि आरंभाचा पुरावा

९ मे १९३१ च्या 'नेचर' या नियतकालिकात बेल्जियन गणिती जॉर्ज लेमेत्र यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. छापील पानही पुरते भरू नये एवढाच त्याचा विस्तार. पुंजसिद्धांताच्या अंगाने जगाचा आरंभ कसा कल्पिता येईल, हा त्याचा विषय. विश्वातील एकूण ऊर्जा कायम राहते, पण ती ज्या पुंजांत विभागलेली असते त्यांची संख्या काळाबरोबर वाढत जाते. तेव्हा काळात मागे मागे जावे तसतसे पुंज कमी होत जाऊन अखेरीस सारी ऊर्जा मोजक्या पुंजांत, किंबहुना एकाच पुंजात सामावलेली आढळली पाहिजे, असा त्यातील युक्तिवाद. एकच पुंज असताना 'येथे' आणि 'तेथे', 'आधी' आणि 'नंतर' या शब्दांना अर्थ उरत नाही; मूळ पुंजाचे पुरेसे विभाजन झाल्यावरच तो त्यांना प्राप्त होतो. यावरून लेमेत्र ज्या निष्कर्षाला येतात तो चमत्कारिक आहे: जगाचा आरंभ अवकाश आणि काळ यांच्या आरंभाच्या किंचित आधी झाला. ज्या ठिकाणी 'आधी' हा शब्द निरर्थक ठरतो असे नुकतेच सांगितले, त्याच ठिकाणी तो शब्द वापरल्यावाचून त्यांचे वाक्य पूर्ण होत नाही.

या पत्राचे टंकलिखित उपलब्ध आहे. त्यात शेवटी आणखी एक परिच्छेद होता आणि तो खोडलेला आहे. परमेश्वर स्वभावतःच गुप्त असतो असे मानणाऱ्या श्रद्धावंताला, आजचे भौतिकशास्त्र सृष्टीच्या निर्मितीवर जो पडदा टाकते त्याने समाधानच वाटेल, अशा आशयाचा तो परिच्छेद. लेमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. तेव्हा असा मजकूर त्यांच्या लेखणीतून उतरावा यात आश्चर्य नाही. लक्ष वेधून घेते ती खोडण्याची रेघ. पुढील पस्तीस वर्षांतील त्यांचे वर्तन पाहता तिचा अर्थ लावणे फारसे कठीण नाही. 'आरंभ होता' हे प्रतिपादन आणि 'आरंभ असावा' ही इच्छा एकाच मनात शेजारी शेजारी नांदत होत्या. परंतु छापील पानावर दुसरीला पहिल्याच्या शेजारी बसू द्यावयाचे नाही, असा तो निर्णय होता.

विश्वोत्पत्तीच्या वैज्ञानिक विचारात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो या रेघेपाशी स्पष्ट दिसतो. विश्वाला आरंभ असावा किंवा नसावा याविषयी माणसाचे मन तटस्थ नसते. मग जी गोष्ट खरी असावी असे आपल्याला वाटते तिच्याविषयी ज्ञानाचा दावा करताना कोणते बंधन पाळावयाचे? या इच्छेचे अस्तित्व कांटने फार पूर्वी ओळखले होते. 'शुद्ध बुद्धीच्या चिकित्से'तील (१७८१) त्याचा पहिला विप्रतिषेध सुपरिचित आहे: जगाला कालिक आरंभ आहे हे जितक्या तर्कशुद्धपणे सिद्ध करता येते तितक्याच तर्कशुद्धपणे तो नाही हेही सिद्ध करता येते. परंतु त्यापुढील एक प्रकरण सहसा दुर्लक्षिले जाते. या झगड्यात बुद्धीचे स्वतःचे हितसंबंध कोणत्या बाजूला आहेत, असा प्रश्न कांट तेथे विचारतो. पुराव्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तर कोणता पक्ष आपल्याला जवळचा वाटेल? आरंभ मानणाऱ्या पक्षाला नीती व धर्म यांचा आधार मिळतो आणि सर्वसामान्यांच्या बुद्धीलाही तो मानवतो, कारण एका टोकाशी पाय टेकावयास जागा मिळते. अनादित्व मानणाऱ्या पक्षाजवळ अनुभवाच्या क्षेत्रात अखंड पुढे जात राहण्याचे सुख आहे. कांटने दोन्ही इच्छांना नावे दिली आणि त्यांच्यावर निकाल सोपविण्यास नकार दिला.

तथापि या इच्छांची वाटणी श्रद्धाळू आणि नास्तिक अशी सरळ होत नाही. लेमेत्र यांचे गुरू आर्थर एडिंग्टन हे निष्ठावंत क्वेकर होते; निसर्गाच्या वर्तमान व्यवस्थेला आरंभ असावा ही कल्पना मात्र आपल्याला तत्त्वतः तिरस्करणीय वाटते, असे त्यांनी १९३१ मध्येच लिहिले आणि लेमेत्र यांचे पत्र त्यालाच उत्तर म्हणून आले. येथे साहित्यमीमांसेची थोडी मदत घ्यावयास हरकत नाही. एडवर्ड सैद यांनी 'बिगिनिंग्ज' (१९७५) या ग्रंथात आरंभ आणि उगम यांत भेद केला. उगम हा दैवी, मिथकात्म असतो आणि पुढचे सारे आपल्या सत्तेखाली ठेवतो. आरंभ हा ऐहिक असतो, माणूस तो करतो, तपासतो, प्रसंगी बदलतोही. 'महास्फोट' हा शब्द उच्चारताच सामान्य वाचकाच्या मनात जे उभे राहते तो उगम होय: काळोख, मग एक बिंदू, मग प्रचंड आवाज. (आवाज ऐकणारा कोठे उभा होता, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.) भौतिकशास्त्राजवळ मात्र जे आहे ते सैद यांच्या अर्थाने आरंभच आहे. आजपासून मागे जात, प्रत्येक पायरीला हिशेब ठेवीत बांधलेला. सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व अतिशय घन व तप्त होते. पहिल्या काही मिनिटांत हलकी अणुकेंद्रे घडली. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनंतर प्रकाश मोकळा झाला. त्याहून मागे, सेकंदाच्या दशांशचिन्हानंतर बेचाळीस शून्ये देऊन मग एक लिहावा इतक्या अल्प काळाच्या पलीकडे, सापेक्षतेचा सिद्धांत स्वतःच बोलणे थांबवितो. पेनरोज व हॉकिंग यांनी १९७० मध्ये सिद्ध केलेली 'एकलता' ही विश्वात घडलेली एखादी घटना नव्हे. समीकरणांची वाट जेथे खुंटते त्या सीमेला दिलेले ते नाव आहे.

ही सीमा ओलांडण्याचे प्रयत्न अर्थातच झाले. अलेक्झांडर व्हिलेन्किन यांनी १९८२ मध्ये 'नाही'तून विश्व प्रकट होण्याची पुंजप्रक्रिया मांडली, तर हार्टल व हॉकिंग यांनी १९८३ मध्ये काळाला कडाच नाही असे प्रारूप दिले. गणित म्हणून हे प्रयत्न गंभीर आहेत. घोटाळा होतो तो 'नाही' या शब्दापाशी. लॉरेन्स क्राउस यांचे शून्यातून विश्व निघाल्याचे सांगणारे लोकप्रिय पुस्तक २०१२ मध्ये आले, तेव्हा तत्त्वज्ञ डेव्हिड अल्बर्ट यांनी त्यावर घेतलेला आक्षेप मूलतः भाषिक होता: पुंजक्षेत्राची निर्वात अवस्था ही एक अवस्था आहे, तिला नियम आहेत, तेव्हा तिला काहीच-नाही म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होय.

न्याय-वैशेषिकांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा आक्षेप नवा वाटू नये. त्या परंपरेने अभावाची जेवढी काटेकोर छाननी केली तेवढी क्वचितच कोणी केली असेल. अभाव हा मोघम नसतो. तो नेहमी कशाचा तरी असतो आणि कशात तरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, ज्यात अभाव ते अधिकरण. घट उत्पन्न होण्यापूर्वी त्याचा प्रागभाव कपालांत असतो. तो अनादी असतो आणि घट निर्माण होताच संपतो. आता हीच परिभाषा विश्वाला लावून पाहावी. प्रतियोगी आहे संपूर्ण विश्व, म्हणजे अधिकरण होऊ शकेल असे सर्वच. मग त्याचा प्रागभाव राहावा कोठे? आणि काळही विश्वाबरोबरच सुरू होत असेल तर त्यातील 'प्राक्' कशाच्या आधारे उच्चारावयाचे? 'विश्वापूर्वी काहीच नव्हते' हे वाक्य असत्य आहे असे नाही. व्याकरणाने सुघटित असलेल्या या वाक्याला अन्वय मिळत नाही, एवढेच. लेमेत्र यांच्या 'किंचित आधी'ची अडचण हीच होती. 'शून्यातून निर्मिती' हे शब्द मराठीत तर विशेष मोहक ठरतात, कारण गणितातील शून्य, बौद्धांचे शून्य आणि रिकामेपणाचे शून्य या तिघांची छाया एकाच शब्दावर पडलेली असते आणि लेखक एका अर्थाने विधान करून दुसऱ्या अर्थाचे श्रेय घेऊ शकतो.

परक्याचे श्रेय असे आपल्या खाती ओढण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २२ नोव्हेंबर १९५१ चे आहे. पोप बारावे पायस यांनी धर्मपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण करून, आधुनिक विज्ञानाने काळातील निर्मितीची आणि पर्यायाने निर्मात्याचीही साक्ष दिली आहे, असे सुचविले. या भाषणाने सर्वाधिक अस्वस्थ झाले ते लेमेत्र. ज्या सिद्धांताचे ते जनक होते त्याला त्यांच्याच धर्माच्या प्रमुखाने आशीर्वाद दिला होता आणि त्यांना तो नको होता. पुढील वर्षी सप्टेंबरात रोम येथे खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. १९५८ च्या सॉल्व्हे परिषदेत लेमेत्र यांनी आपली भूमिका निःसंदिग्ध केली: हा सिद्धांत पारलौकिक प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेर आहे आणि जडवाद्याला ईश्वर नाकारण्यास तो मोकळीक देतो. आपल्या श्रद्धेला अनुकूल दिसणारा पुरावा श्रद्धेसाठी वापरावयाचा नाही, हा संयम वाटतो त्याहून दुर्मीळ आहे.

तो किती दुर्मीळ आहे हे पाहण्यासाठी रोमपर्यंत जावयास नको. नासदीय सूक्तात महास्फोट सापडल्याचे प्रतिपादन मराठीत वारंवार ऐकू येते. या प्रतिपादनाने विज्ञानाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते सूक्ताचे. सत् नव्हते आणि असत् ही नव्हते असे म्हणून जे सूक्त वर वर्णिलेल्या भाषिक अडचणीशी थेट भिडते, आणि ही विसृष्टी कोठून आली हे तिच्या परम अध्यक्षाला तरी ठाऊक असेल काय, अशा शंकेवर जे थांबते, त्याच्या हाती उत्तरपत्रिका देणे हा त्याच्या काव्यगुणाचाच अवमान होय. शिवाय परंपरा एकमुखी नव्हती. कुमारिल भट्टाने 'श्लोकवार्तिका'त जगाची उत्पत्ती आणि प्रलय दोन्ही नाकारले. मीमांसकांच्या मते जग आज आहे तसेच नेहमी होते. पाश्चात्त्य विज्ञानाशी तुलनाच करावयाची तर कुमारिलाला फ्रेड हॉइल यांच्या शेजारी बसवावे लागेल, आणि मग परंपरेने नेमका कोणता सिद्धांत 'आधीच' सांगितला होता हे ठरविणे कठीण जाईल.

हॉइल यांच्यापाशी प्रश्नाची दुसरी बाजू उघड होते. १९४८ मध्ये बाँडी व गोल्ड यांनी आणि स्वतंत्रपणे हॉइल यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला: विश्व प्रसरण पावते, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत अत्यल्प प्रमाणात, घनमीटरमागे अब्जावधी वर्षांत एखादा हायड्रोजनचा अणू इतक्या मंद गतीने, नवे द्रव्य उत्पन्न होत राहते, म्हणून विश्वाचे रूप सदैव तेच राहते. त्यामागे एक तत्कालीन वैज्ञानिक कारणही होते. हबल यांच्या मापनानुसार विश्वाचे वय सुमारे दोन अब्ज वर्षे, म्हणजे पृथ्वीच्या वयाहून कमी निघत होते. परंतु आरंभाविषयीचा तिटकारा हेही एक कारण होते आणि हॉइल यांनी तो लपविला नाही. २८ मार्च १९४९ रोजी बीबीसीवरील भाषणात प्रतिपक्षाच्या सिद्धांताला 'बिग बँग' हे नाव त्यांनीच दिले.

हॉइल कादंबरीकारही होते. १९५७ च्या त्यांच्या 'द ब्लॅक क्लाउड' या कादंबरीत सूर्यमालेत शिरलेला एक सजीव, प्रगाढ बुद्धीचा मेघ शास्त्रज्ञांशी संवाद करतो. त्याच्या जातीचा पहिला मेघ कसा उत्पन्न झाला, असा विषय निघतो तेव्हा 'पहिला' असा कोणी होता हेच तो मान्य करीत नाही, आणि महास्फोटवाद्यांची चांगली जिरली म्हणून ऐकणारी पात्रे खूश होतात. हा प्रसंग विनोदी आहे. पण एकाच लेखकाची एकच इच्छा येथे दोन प्रकारच्या संहितांत आढळते, हे समीक्षकाला मोलाचे वाटावे. कादंबरीत ती अजिंक्य आहे. मेघ कादंबरीचाच असल्याने त्याचे म्हणणे खोडणारा कोणी नाही. शोधनिबंधात तीच इच्छा उघड्यावर येते. दूरच्या, म्हणजे पूर्वीच्या विश्वात रेडिओस्रोतांची दाटी आजच्याइतकीच असली पाहिजे. हायड्रोजनहून जड मूलद्रव्ये आजही कोठेतरी घडत असली पाहिजेत, कारण त्यांना घडविण्यासाठी तप्त आरंभ उपलब्ध नाही. इच्छेला येथे अटी घालून दिलेल्या आहेत आणि त्या मोडल्या तर ती हरणार आहे.

दुसऱ्या अटीने ज्ञानाला जे दिले ते विलक्षण आहे. मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटातच घडली असली पाहिजेत या हट्टातून बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल यांचा १९५७ चा निबंध निर्माण झाला. माणसाच्या हाडांतील कॅल्शियम आणि रक्तातील लोह ताऱ्यांत घडले हे आज शाळेत शिकविले जाते. त्याचा मोठा वाटा आरंभ नको असलेल्या एका माणसाच्या अट्टाहासाचा आहे. पुरेशा पुराव्यावाचून काहीही मानणे सर्वदा अनुचित, हा विल्यम क्लिफर्ड यांचा १८७७ मधील कठोर दंडक शब्दशः लावला तर १९३१ चे लेमेत्र आणि १९४८ चे हॉइल दोघेही दोषी ठरतात. दंडक खोटा नाही, पण तो चुकीच्या क्षणी लावला जातो. मानण्याच्या क्षणापेक्षा मोजण्याच्या क्षणी माणूस काय करतो, हे पाहिले पाहिजे.

हॉइल यांच्या बाबतीत तो क्षण १९६४ मध्ये आला. विश्वातील सामान्य द्रव्याच्या वस्तुमानात सुमारे चतुर्थांश हेलियम आहे. ताऱ्यांत हेलियम तयार होतो, पण तो एवढा होत नाही. हा हिशेब मांडून, हेलियमसाठी एकतर विश्वाची तप्त घन अवस्था किंवा आजवर अज्ञात असे प्रचंड वस्तुमानाचे पदार्थ मानावे लागतील, असे दाखविणारा निबंध १९६४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक रॉजर टेलर आणि फ्रेड हॉइल. ज्या पक्षासाठी आयुष्य वेचले त्याच्याविरुद्धचा एक अत्यंत प्रभावी पुरावा त्या पक्षाच्या प्रमुखाने स्वतः गणित करून छापला. त्या निबंधाचा उल्लेख हॉइल यांच्या हेकटपणाच्या आख्यायिकांत क्वचितच होतो, हे अन्यायाचे आहे.

पुढच्याच वर्षी पेन्झियस व विल्सन यांनी न्यू जर्सीतील आपल्या शृंगाकार अँटेनात सर्व दिशांनी सारखेच येणारे, सुमारे साडेतीन केल्विन तापमानाचे प्रारण सापडल्याचे जाहीर केले. तप्त भूतकाळाचे असे अवशिष्ट प्रारण असावे असे अल्फर व हर्मन यांनी १९४८ मध्येच वर्तविले होते. १९६५ च्या सप्टेंबरात ब्रिटिश असोसिएशनपुढे हॉइल यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत, निदान मूळ स्वरूपात, सोडावा लागेल अशी कबुली दिली. नंतर ते पुन्हा फिरले. १९९३ मध्ये जेफ्री बर्बिज आणि जयंत नारळीकर यांच्यासह त्यांनी 'स्थिरवत् स्थिती'चे प्रारूप मांडले: विश्व दीर्घ काळात प्रसरण पावत असतानाच लहान आवर्तनांत आकुंचन-प्रसरण करते, द्रव्यनिर्मितीचे लहान स्फोट होत राहतात, आणि पार्श्वभूमीचे प्रारण हा लोहाच्या अतिसूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा उत्सर्जित केलेला जुन्या ताऱ्यांचा प्रकाश असतो.

येथे निवाडा सोपा नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांनी १९६० च्या सुमारास केंब्रिजमध्ये हॉइल यांचे विद्यार्थी म्हणून या वादात प्रवेश केला. रेडिओस्रोतांच्या गणनेवरून मार्टिन राइल यांनी केलेल्या हल्ल्याला १९६१ मध्ये गुरुशिष्यांनी मिळून उत्तर दिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तोवर महास्फोटाविषयीची त्यांची असहमती कायम होती. त्यांचा मुख्य आक्षेप पद्धतीविषयी होता: अदृश्य द्रव्य, अदृश्य ऊर्जा, क्षणिक महाप्रसरण अशी प्रत्यक्षात न सापडलेली गृहीतके रूढ सिद्धांत गरजेप्रमाणे जोडत जातो, आणि एकाच सिद्धांतावर सर्व साधनसामग्री लागली की पर्याय तपासलेच जात नाहीत. यात तथ्य आहे. विश्वाच्या ऊर्जेपैकी सुमारे ९५ टक्के भाग कशाचा हे न कळलेल्या शास्त्राने नम्र असावे, हे योग्यच. १९९८ मध्ये प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे आढळले. जुन्या स्थिर स्थितीच्या सिद्धांतात वेग वाढताच होता, आणि एकेकाळी तोच तिच्याविरुद्धचा मुद्दा मानला गेला होता.

तरीही दोन्ही बाजूंची ठिगळे एकाच मापाची नाहीत. अदृश्य द्रव्याची साक्ष दीर्घिकांच्या भ्रमणगतीतून, दीर्घिकासमूहांतून आणि गुरुत्वीय भिंगांतून स्वतंत्रपणे मिळते. लोहतंतूंची गरज मुख्यतः प्रारणाच्या एका प्रश्नासाठी निर्माण झाली. 'कोबी' उपग्रहाने १९९० पासून आणि 'प्लँक'ने नंतर त्या प्रारणाचा जो सूक्ष्म आलेख दिला त्यातील चढउतार रूढ प्रारूपातून जितक्या मोजक्या अंकांनी निघतात तितके त्याच्या प्रतिस्पर्ध्यातून निघत नाहीत. १९४८ च्या सिद्धांताचे सौंदर्य तो सहज मोडू शकत होता यात होते. १९९३ च्या प्रारूपात ती सहजता उरली नव्हती. अगदीच नव्हती असेही म्हणता येत नाही, कारण मागील आवर्तनातील अतिवृद्ध तारे आणि नीलसृती दाखविणाऱ्या अंधुक दीर्घिका सापडाव्यात, अशी तपासता येण्याजोगी अपेक्षा त्यानेही नोंदविली होती. ती अपेक्षा फळाला आली नाही. निष्ठा आणि हट्ट यांतील सीमा येथे अंतर्यामी न शोधता सिद्धांताच्या रचनेत शोधावी लागते, आणि त्या निकषावर नारळीकर कधी एका बाजूला तर कधी दुसऱ्या बाजूला आढळतात. त्यांच्या स्वभावाची साक्ष निराळ्या ठिकाणी मिळते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही आपली पहिली विज्ञानकथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या नावाने. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी करून ते घेतले होते. परीक्षकांसमोर कथा आली ती त्यांच्या ख्यातीवाचून.

विजयी पक्षाची कहाणीही सरळ नाही. आदिअणूच्या विघटनाचे अवशेष कोठेतरी सापडतील, अशी लेमेत्र यांची खात्री होती. त्यांच्या मते ते अवशेष म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणारे विश्वकिरण. त्या कल्पनेच्या मागे त्यांनी कित्येक वर्षे घालविली, विद्युतभारित कणांच्या मार्गांची क्लिष्ट गणिते केली आणि ती कल्पना चुकीची निघाली. विश्वकिरण फार नंतरच्या, ताऱ्यांच्या जगातील घडामोडींतून येतात. जून १९६६ मध्ये लेमेत्र यांचा मृत्यू झाला. त्याच्या थोडे आधी, आजारी असताना, त्यांचे सहकारी ओदाँ गोदार यांनी न्यू जर्सीतील प्रारणाची वार्ता त्यांना सांगितली. आरंभाचा माग लागला होता. पण आयुष्यभर ज्या खुणेवर नजर ठेवली होती ती खूण ही नव्हती.